‘येतो’ म्हटलं की ‘ये’ म्हणणारं कुणीतरी हवं



आज पाहुणे नाहीत. आज मी एकटाच बोलणार आहे, साधारण वीसेक मिनिटं. बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, जिमला निघाला असाल, तर ऐकत राहा. फक्त एक विनंती आहे. तुमच्या ओळखीत कुणी टँकवर पोहायला जाणारं असेल, सुट्टीत तारकर्लीला जाऊन पाण्यात डोकं घालणारं असेल, विहिरीत ‘कुणाचा दम जास्त’ खेळणारी भाचरं असतील, तर हा भाग त्यांच्यापर्यंत पोचवा.

विषय आहे ब्लॅकआऊट. म्हणजे श्वास रोखून पाण्याखाली असताना, किंवा नुकतंच वर आल्यावर, अचानक शुद्ध हरपणं. मी ऑकलंडमध्ये राहतो. इथे न्यूझीलंडमध्ये फ्रीडायव्हिंग करत, म्हणजे पाठीवर सिलिंडर न घेता एका श्वासावर खाली जाऊन, स्पिअरगनने मासा मारणं हा अगदी सर्वसाधारण छंद आहे. आपल्याकडे लोक रविवारी ट्रेकला जातात तसे इथले लोक गाडीत वेटसूट टाकून निघतात. मी देवगडकडचा. समुद्र बघून राहवत नाही. त्यामुळे मीही त्यात पडलो.

मला शिकवणारा माणूस रत्नागिरीचा. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, इथे माझ्या आधीपासून असलेला. त्याचं नाव नाही सांगत, त्याने तेवढीच अट घातलीय. मी त्याला दादा म्हणतो, तुम्हीही दादाच म्हणा.

दादाचा नियम

दादाचा एक नियम होता. आपण घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आणि आतून कुणीतरी ‘ये’ म्हणतं. लहानपणी चुकून ‘जातो’ म्हटलं तर आजी परत बोलवून घ्यायची. दादाने तेच पाण्यात आणलं होतं. खाली बुडी मारण्याआधी स्नॉर्केल तोंडातून काढायचं, जोडीदाराकडे बघायचं आणि म्हणायचं, “येतो.” समोरच्याने म्हणायचं, “ये.” तो ‘ये’ ऐकू आल्याशिवाय खाली जायचं नाही.

मला ते तेव्हा थोडं घरगुती, थोडं गमतीचं वाटायचं. पण त्या एका शब्दाने दादाला वाचवलं. मी नाही वाचवलं. माझं लक्ष नव्हतं.

त्या दिवशी काय झालं

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिना. इकडे मार्च म्हणजे उन्हाळ्याचं शेपूट, पाणी त्यातल्या त्यात उबदार. ऑकलंडहून गाडीने अडीच-तीन तासांवर कोरोमंडेल द्वीपकल्पाचा पूर्व किनारा आहे. तिथल्या एका खडकाळ टोकावरून आम्ही पोहत शंभरेक मीटर आत गेलो. सोबत एक फ्लोट, त्यावर झेंडा, त्याला बांधलेली दोरी. पाणी स्वच्छ होतं, खाली केल्पचं रान दिसत होतं. खोली चौदा मीटर. आमच्यासाठी ही काही विशेष खोली नव्हती. दादा वीस मीटरपर्यंत आरामात जायचा.

सुरुवात छान झाली. एक खाली, एक वर. तो आला की मी, मी आलो की तो. मग किंगफिश दिसले. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: हा लांबलचक, जोरदार मासा, शेपटी पिवळी, आणि स्वभावाने चौकस. माणूस खाली शांत पडून राहिला की तो स्वतःहून बघायला येतो. इथल्या नियमाप्रमाणे ७५ सेंटीमीटरपेक्षा लहान किंगफिश ठेवता येत नाही. हे तिघे त्याहून चांगलेच मोठे होते.

आणि मग आमचं सगळं बिघडलं. दादा खाली जायचा, ते लांबून फिरून जायचे. तो वर यायचा, दोन-चार मोठे श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, “मी परत जातो रे, आत्ता जवळ येतायत.” माझी पाळी होती, पण मी म्हटलं जाऊ दे, त्याचा मासा आहे. असं तीनदा झालं.

चौथ्या वेळी तो बराच वेळ खाली राहिला. मी वरून बघत होतो. तो केल्पमध्ये पडून होता, मासे वळले, त्याने नेम धरला, बाण सोडला, चुकला. मग तो वर निघाला. शेवटच्या पाच मीटरमध्ये तो जरा घाईने पाय मारतोय असं मला दिसलं. डोकं पाण्याबाहेर आलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने मान हलवली. मला वाटलं, ओके म्हणतोय.

मी तोंड परत पाण्यात घातलं. कारण ते तीन किंगफिश बरोब्बर माझ्या खाली आले होते.

पुढचे दहा सेकंद मी माशांकडे बघत होतो. श्वास शांत केला. शेवटचा पूर्ण श्वास भरला. आणि सवयीने स्नॉर्केल काढून, डोकं वर काढून म्हटलं, “येतो.”

‘ये’ आलं नाही.

मी वळलो. फ्लोट होता, झेंडा होता, दादा नव्हता. तोंड पाण्यात घातलं तर तो माझ्यापासून पाच-सहा मीटरवर, तीन-चार मीटर खाली, सावकाश बुडत होता. पाठ खाली, हात पसरलेले. डोळे उघडे. मास्कच्या काचेतून ते डोळे माझ्याकडे बघतायत असं वाटत होतं आणि त्यांत काहीच नव्हतं.

नशीब एवढंच की माझ्या छातीत श्वास आधीच भरलेला होता. मी खाली गेलो, त्याच्या काखेत हात घातला आणि वर पाय मारायला लागलो. तो इतका जड लागला की मला कळेना, चार मीटर एवढे लांब कसे. त्याच्या कमरेला शिशाचा पट्टा होता. त्याचं बक्कल एका हाताने ओढलं की सुटतं, हे मला माहीत होतं. पण ते मला वर आल्यावर आठवलं. तिथे ओढलं. तो पट्टा अजून खालीच आहे.

त्याचा मास्क काढला. मान मागे, हनुवटी वर. डोळ्यांखाली गालांवर फुंकर मारली, गालावर थापट्या मारल्या, ओरडलो, “दादा, श्वास घे! दादा, श्वास घे!” काही नाही. ओठ निळसर. परत फुंकर, परत थापट्या, परत हाक. आणि मग घोरल्यासारखा एक आवाज आला. एक श्वास. मग दुसरा. डोळे हलले.

त्याचं पहिलं वाक्य काय असेल? “मासे कुठे गेले रे?”

त्याला काहीही आठवत नव्हतं. “मी कुठे बेशुद्ध झालो? मी आत्ताच तर वर आलो.” मी रडत होतो आणि तो मला समजावत होता की काही झालेलं नाही, एक शेवटची बुडी मारू या. हे लक्षात ठेवा. ब्लॅकआऊट झालेल्या माणसाला बऱ्याचदा तो झाल्याचं आठवत नाही. त्यामुळे ‘मी ठीक आहे’ हा त्याचा निर्णय धरायचा नाही. त्या दिवसाचं पाणी तिथेच संपलं. मी त्याला फ्लोटवर टाकून किनाऱ्याला आणलं आणि तिथून थेट डॉक्टरकडे नेलं. फुप्फुसात पाणी गेलं असेल तर त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो, म्हणून.

शरीर ओरडत का नाही?

आता मुख्य मुद्दा. दादा पट्टीचा पोहणारा. मग त्याला कळलं कसं नाही, की आता आपला ऑक्सिजन संपतोय?

कारण ऑक्सिजन संपत आला हे सांगणारी जोरदार घंटा आपल्या शरीरात जवळपास नाहीच. श्वास रोखल्यावर जीव कासावीस होतो, छाती दाटते, पोटाला आचके बसतात, ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नाही. गाडीत पेट्रोलचा काटाच नाही आणि आपण इंजिन किती तापलंय ते बघून पेट्रोलचा अंदाज करतोय, असा प्रकार आहे. एरवी दोन्ही बरोबर चालतं, म्हणून अंदाज जमतो.

पण पाण्यात जाण्याआधी तुम्ही भराभर दहा-पंधरा मोठे श्वास घेतलेत, तर? आपल्याला वाटतं ऑक्सिजन भरून घेतला. मुळात साध्या श्वासावर निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन ९७-९८ टक्क्यांवर असतोच. तिथे भर घालायला जागा फारशी नसते. त्या मोठ्या श्वासांनी खरं होतं काय, तर कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो. म्हणजे तुम्ही पेट्रोल वाढवलं नाही, फक्त घंटेची वायर काढून टाकली. मग खाली मस्त वाटतं. दम लागत नाही. ‘आज काय जबरदस्त जमतंय!’ असं वाटतं. आणि घंटा वाजायच्या आधीच दिवे जातात.

हे काही नवीन ज्ञान नाही. अल्बर्ट क्रेग नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने पाण्याखाली पोहताना शुद्ध का हरपते यावर १९६१ साली शोधनिबंध लिहिला, त्यात हेच मोठ्या श्वासांचं कारण मांडलंय. साठ वर्षं उलटून गेली आणि आम्ही गावच्या विहिरीत काय करायचो? काठावर उभं राहून फुस-फुस-फुस पंधरा श्वास, मग उडी, आणि तळाची माती मुठीत घेऊन वर. कुणी मेलं नाही, हे आमचं शहाणपण नव्हतं.

आता दुसरा भाग, खोलीचा. तो ऐकला की ‘वर आला म्हणजे सुटला’ हा गैरसमज जाईल.

पृष्ठभागावर हवेचा दाब एक धरा. दहा मीटर खाली दोन. वीस मीटरवर तीन. फुप्फुसातली हवा दाबली जाते, आणि दाबामुळे ऑक्सिजन रक्तात जोरात ढकलला जातो. वीस मीटरवर तुमच्या फुप्फुसातल्या हवेत ऑक्सिजन फक्त ६ टक्के उरला असला, तरी दाब तिप्पट असल्यामुळे शरीराला तो पृष्ठभागावरच्या १८ टक्क्यांसारखा लागतो. बाहेरच्या हवेत तो २१ टक्के असतो. म्हणजे खाली सगळं आलबेल. आता तोच माणूस वर येतो. दाब उतरतो. तेच ६ टक्के आता खरंच ६ टक्के होतात. एवढ्यावर मेंदू चालत नाही.

आणि हा दाब सगळ्यात झपाट्याने कुठे पडतो? तीसवरून वीस मीटरला येताना चाराचा तीन होतो, म्हणजे पाव भाग गेला. पण शेवटच्या दहा मीटरमध्ये दोनाचा एक. थेट निम्मा. म्हणून बहुतेक ब्लॅकआऊट खोलात होत नाहीत. शेवटच्या काही मीटरमध्ये होतात, आणि वर आल्यावर, डोकं पाण्याबाहेर असताना होतात. कारण वर येऊन घेतलेला पहिला श्वास फुप्फुसातून मेंदूपर्यंत पोचायलाही काही सेकंद लागतात. त्या सेकंदांत माणूस तुमच्यासमोर असतो, हसतो, मान हलवतो, आणि मग जातो.

दादाने मान हलवली होती, बरोबर? ती हलवलेली नव्हती. ती डुलत होती. शुद्ध जाण्याआधी कधीकधी शरीरावरचा ताबा सुटतो, मान डुलते, हात थरथरतात, ओठ कापतात. ह्या खेळातले लोक त्याला ‘साम्बा’ म्हणतात, त्या नाचावरून. मी दहा सेकंद जास्त बघितलं असतं तर मला कळलं असतं.

घड्याळाने सांगितलेलं

घरी आल्यावर आम्ही दादाच्या डायव्हिंग घड्याळातली नोंद उघडली. ती मी आजही फोनमध्ये ठेवलीय. शेवटच्या चार बुड्या: १ मिनिट २० सेकंद, १:३१, १:३८ आणि १:५२. आणि त्यांच्याआधीची विश्रांती: २:५०, २:१०, १:२५ आणि शेवटची फक्त १:०५.

बघा हं. बुड्या वाढत गेल्या आणि विश्रांती आटत गेली. त्यातला एकही आकडा एकटा बघितला तर भयंकर नाही. कुणीही वेडं धाडस केलेलं नाही. चौदा मीटर पाणी, ओळखीची जागा, शांत समुद्र. फक्त समोर मासा होता.

शिवाय दादाने त्या दिवशी कमी जाडीचा वेटसूट घातला होता आणि पट्ट्यावरचं शिसं मात्र जाड सूटच्या हिशेबाचं होतं. म्हणून वर शुद्ध गेली, छातीतली हवा सुटली, आणि तो तरंगण्याऐवजी बुडाला.

मग करायचं काय?

आता मी तुम्हाला यादी सांगतो. पण ऐकून कुणी पाण्यात उतरू नका. हे सगळं प्रशिक्षित माणसाकडून, आधी टँकमध्ये, हाताने करून शिकायचं असतं. आम्ही दोघांनी त्या घटनेनंतर रीतसर कोर्स केला. दादाने इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

एक. एक खाली, एक वर. दोघं एकाच वेळी कधीच खाली नाही. वरचा शिकार करत नाही, गन भरत नाही, गोप्रो नीट करत नाही. तो फक्त बघतो. ‘आम्ही दोघं होतो’ याचा अर्थ तेव्हाच असतो. नाहीतर ती दोन एकटी माणसं एका समुद्रात आहेत, एवढंच.

दोन. वर आल्यावर ३० सेकंद नजर हलवायची नाही. तोंड बघायचं, ओठ बघायचे, डोळे बघायचे. मान हलवली हे उत्तर नाही. शब्द हवा. फ्रीडायव्हिंगच्या स्पर्धांमध्येही वर आल्यावर १५ सेकंदांच्या आत मास्क काढून, खूण करून ‘आय अ‍ॅम ओके’ म्हणावं लागतं, नाहीतर बुडी बाद. तिथे हे कशासाठी आहे ते आता तुम्हाला कळलं असेल.

तीन. वर आल्यावर हवा जोरात बाहेर फेकायची नाही. थोडीशी सोडायची, पटकन भरून घ्यायची, क्षणभर धरायची. असं तीन-चार वेळा. वर येऊन ‘हुश्श’ करून छाती रिकामी केली, की उरलासुरला ऑक्सिजनही गेला.

चार. आधी मोठे श्वास नाहीत. दोन-तीन मिनिटं झोपल्यासारखा शांत श्वास, मग एक पूर्ण श्वास, आणि बुडी.

पाच. विश्रांती बुडीच्या किमान दुप्पट. दीड मिनिट खाली होतात तर तीन मिनिटं वर. माशाशी झटापट झाली असेल, दमलात, थंडी वाजतेय, तर त्याहून पुष्कळ जास्त. घड्याळ लावा. उत्साहावर सोडू नका.

सहा. पट्ट्यावरचं शिसं असं हवं, की वर असताना श्वास सोडला तरी तुम्ही तरंगाल. सूट बदलला की वजन परत तपासा. बक्कल एका हाताने सुटणारं हवं. आणि संकटात पहिलं काम पट्टा सोडणं. शिसं विकत मिळतं.

सात. खोली ठरवायची ती दोघांतल्या कमी दमाच्या माणसावरून. मी दहा मीटरच जाऊ शकत असेन आणि तू वीसला जाणार असशील, तर मी तुझा जोडीदार नाही, प्रेक्षक आहे. आणि पाणी गढूळ असेल, खालचा माणूस दिसत नसेल, तर अजून उथळ.

आठ. खाली जाताना स्नॉर्केल तोंडातून काढलेलं हवं. शुद्ध गेली की तीच नळी पाणी आत घेते.

नऊ. मासा लागला आणि तो कपारीत घुसला, तर गन सोडा आणि वर या. दोरी फ्लोटला आहे, गन कुठे जात नाही. ‘अजून दोन सेकंद, निघेलच’ हे वाक्य डोक्यात आलं, की तीच निघायची वेळ.

आणि झालंच तर? खाली असेल तर मास्क तसाच ठेवा, तोंड हाताने बंद धरा, वर आणा. वर आल्यावर पट्टा सोडा, तोंड पाण्याबाहेर, मास्क काढा, मान मागे. गालावर फुंकर, थापटी, आणि नावाने हाक: “श्वास घे.” शुद्ध जाताना बऱ्याचदा घसा आपोआप बंद होतो, त्यामुळे सुरुवातीचा थोडा वेळ फुप्फुसात पाणी जात नाही. तोच तुमचा वेळ. दहाएक सेकंदांत श्वास आला नाही तर तोंडाने श्वास द्यायला लागा, जमिनीवर किंवा बोटीवर आणा, नाडी नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि मदत बोलवा. भारतात ११२ किंवा १०८, इथे १११.

‘आम्ही काय चॅम्पियन थोडेच?’

कुणी म्हणेल, हे धोके मोठ्या लोकांना. नताल्या मोल्चानोव्हाचं नाव ऐकलंय? रशियाची. ह्या खेळातले ४१ जागतिक विक्रम तिच्या नावावर. २ ऑगस्ट २०१५ ला स्पेनजवळ फोर्मेन्तेरा बेटापाशी ती बुडी मारायला गेली आणि परत आली नाही. ती स्पर्धा नव्हती, विक्रमाचा प्रयत्न नव्हता. ती तिच्या मानाने साधी बुडी होती. सगळ्यात जास्त कसब असलेल्या माणसालाही समुद्र सवलत देत नाही, एवढं मी त्यातून घेतलं.

‘द डीपेस्ट ब्रेथ’ ही २०२३ ची डॉक्युमेंटरी नेटफ्लिक्सवर तुमच्यापैकी काहींनी बघितली असेल. स्टीफन कीनन हा आयरिश माणूस, त्याचं काम इतरांना सुरक्षित वर आणणं. २०१७ मध्ये इजिप्तमध्ये दाहाबच्या ब्लू होलमध्ये त्याने अलेस्सिया झेक्किनीला वर आणलं आणि तो स्वतः गेला. वाचवणाऱ्यावरही कुणाची तरी नजर लागते, हे ती फिल्म बघून मला पहिल्यांदा कळलं.

आणि दुसऱ्या टोकाला कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो बायका. त्यांतल्या अनेक जणी साठी-सत्तरीच्या. सिलिंडर न लावता समुद्रतळावरून शिंपले, कालवं काढतात. त्यांची संस्कृती २०१६ साली युनेस्कोच्या वारसा यादीत आली. त्या गटाने पाण्यात जातात. वर आल्यावर त्या श्वास सोडतात तेव्हा शिट्टीसारखा आवाज येतो, त्याला ‘सुम्बिसोरी’ म्हणतात. मला तो आवाज ऐकला की वाटतं, हेच त्यांचं ‘आले गं’.

टँकवरच्या मुलांसाठी

तुमच्यापैकी बहुतेक जण स्पिअरगन कधी हातात धरणार नाहीत. आणि मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा गन घेऊन उतरायच्या आधी तुमच्या इथले नियम बघा. पण ब्लॅकआऊटला समुद्र लागत नाही. गळ्याएवढ्या पाण्यात, सोसायटीच्या टँकमध्ये, विहिरीत तो होतो. ‘एका श्वासात दोन लांब्या मारतो, मोबाईलवर टायमर लाव’ असं म्हणणारा मित्र असेल तर त्याला सांगा: आधी फुस-फुस नाही, एकट्याने नाही, पैज नाही. आणि टायमर बघणारा हा जोडीदार नव्हे. जोडीदाराने माणूस बघायचा.

शेवटचं सांगतो आणि थांबतो.

त्या दिवशी परत येताना गाडीत दादा म्हणाला, “हिला सांगू नकोस.” मी म्हटलं, “ठीक आहे.” रात्री त्यांच्या घरी जेवायला बसलो. वहिनी म्हणाल्या, “काय, आज मासा नाही?” कुणी बोललं नाही. दोन घास गेल्यावर दादानेच सगळं सांगून टाकलं. वहिनींनी त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, “पण तू बघत होतास ना?”

मी म्हटलं, “नाही वहिनी. दहा सेकंद नव्हतो बघत.”

त्यांनी काही उत्तर दिलं नाही. माझ्या ताटात भात वाढला आणि आत गेल्या. मला वाटतं, त्यांनी रागावलं असतं तर सोपं गेलं असतं.

आम्ही अजूनही जातो. कमी मासे आणतो. कधीकधी एकही नाही. पाण्यात उतरायच्या आधी वहिनी आता मला फोन करतात, दादाला नाही. फार बोलत नाहीत. मी म्हणतो, “येतो आम्ही.” त्या म्हणतात, “या.”

एवढंच होतं आज. ज्याच्याबरोबर पाण्यात उतरता त्याला हा भाग पाठवा, आणि पुढच्या वेळी तो वर आला की ३० सेकंद त्याच्याकडेच बघा.

भेटू पुढच्या आठवड्यात. येतो.